वाचक विचारतात : पणजोबा बल्गेरियन, पणतू मॅसेडोनियन

प्रश्न : नमस्कार सर. माझा मुलगा म्युनिकला नोकरी करतो. त्याच्यासोबत राहणारा मित्र स्कोप्येचा, म्हणजे उत्तर मॅसेडोनियाचा आहे; पासपोर्ट मात्र बल्गेरियाचा. त्याला कोणी बल्गेरियन म्हटलं की तो चिडतो. पण त्याचे पणजोबा स्वतःला बल्गेरियन म्हणवायचे, हेही तोच सांगतो. मुलाने मला फोनवर विचारलं, "बाबा, हा नेमका कोण?" मला उत्तर सुचलं नाही, म्हणून आपल्याकडे पाठवतो आहे.
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आधी सरळ उत्तर देतो. तुमच्या मुलाचा मित्र मॅसेडोनियन आहे, कारण तो तसं सांगतो. त्याचे पणजोबा बल्गेरियन होते, कारण ते तसं सांगत होते. या दोन वाक्यांचं आपसात काहीच वाकडं नाही. वाकडं आहे ते सोफिया आणि स्कोप्ये या दोन राजधान्यांचं, आणि त्याआधी अथेन्स आणि बेलग्रेडही त्यात होतेच.

पासपोर्टचा उलगडा सोपा आहे. बल्गेरिया 1 जानेवारी 2007 पासून युरोपीय संघात आहे, उत्तर मॅसेडोनिया अजून दाराबाहेर. आपण बल्गेरियन वंशाचे आहोत हे कागदोपत्री दाखवलं की बल्गेरियाचं नागरिकत्व मिळू शकतं, आणि ते मिळालं की जर्मनीत नोकरीला परवाना लागत नाही. हजारो मॅसेडोनियन तरुण याच वाटेने गेले. देशाचे माजी पंतप्रधान ल्युब्चो गेऑर्गिएव्स्की यांनीही 2006 मध्ये बल्गेरियाचं नागरिकत्व घेतलं होतं. तरीही 2021 च्या जनगणनेत स्वतःला बल्गेरियन म्हणवणारे निघाले 3,504. देशाची लोकसंख्या 18 लाख 36 हजार. यावरून या तरुणांना लबाड ठरवू नका. नागरिकत्वाच्या अर्जात विचारतात, तुमचे पूर्वज कोण होते. जनगणनेत विचारतात, तुम्ही कोण आहात. या मुलाच्या बाबतीत दोन्ही उत्तरं खरी आहेत.

आता पणजोबा. त्यांच्या आधीच्या पिढीपर्यंत त्या मुलखावर तुर्की सुलतानाचा अंमल होता. सुलतानाच्या दप्तरात माणूस भाषेवरून नाही, धर्मावरून नोंदला जाई. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती म्हणजे सगळे एकाच खात्यात, आणि त्या खात्याचे प्रमुख कॉन्स्टँटिनोपलचे ग्रीक धर्मगुरू. शेतकरी घरात स्लाव्ह बोली बोलायचा आणि चर्चमध्ये न कळणारी ग्रीक प्रार्थना ऐकायचा. 1870 मध्ये सुलतानाने फर्मान काढून वेगळ्या बल्गेरियन चर्चला, म्हणजे एक्झार्केटला, मान्यता दिली. फर्मानाचं दहावं कलम महत्त्वाचं होतं : ज्या धर्मप्रांतातले दोनतृतीयांश ख्रिस्ती मागणी करतील, तो प्रांत या नव्या चर्चला जोडता येईल. 1874 मध्ये स्कोप्ये आणि ओह्रिडमध्ये कौल घेतला गेला आणि दोन्हीकडचा कौल बल्गेरियन चर्चच्या बाजूने पडला. होय, तेच स्कोप्ये, जिथे आज बल्गेरियन म्हटलं की लोक चिडतात.

त्या कौलाकडे पाहताना शेतकऱ्याला काय हवं होतं ते लक्षात घ्या. त्याला आपल्या कानाला कळेल अशी प्रार्थना हवी होती, पोरांना शाळा हवी होती, ग्रीक धर्मगुरूंची वसुली नको होती. हे सगळं ज्या नावाखाली मिळत होतं ते नाव होतं बल्गेरियन, आणि ते त्याने मनापासून घेतलं. लवकरच तिथे ग्रीक आणि सर्बियन शाळाही आल्या. पुस्तकं फुकट, हुशार मुलाला शिष्यवृत्ती. एकाच गावात एक घर ग्रीक चर्चला आणि शेजारचं बल्गेरियन चर्चला, अशी वाटणी झाली. कधी कधी तर एकाच घरातले भाऊ वेगवेगळ्या चर्चला जाऊ लागले.

1912-13 च्या बाल्कन युद्धांनंतर बुखारेस्टच्या तहाने मॅसेडोनियाचे तीन तुकडे केले. मोठे दोन सर्बिया आणि ग्रीसकडे गेले, लहानसा पिरिनचा डोंगराळ पट्टा बल्गेरियाकडे. तिथून पुढची कहाणी सर्बियाकडे गेलेल्या भागातल्या एखाद्या घराच्या आडनावातच वाचता येते. तुर्की काळात बल्गेरियन शाळेच्या हजेरीपटावर मुलाचं आडनाव निकोलोव. पहिल्या महायुद्धानंतर तो भाग 'दक्षिण सर्बिया' ठरला, आणि सरकारी कागदावर तोच माणूस निकोलिच झाला. 1941 मध्ये जर्मनीच्या साथीने बल्गेरियन फौज आली, निकोलिच पुन्हा निकोलोव. 1944 नंतर युगोस्लाव्हियात मॅसेडोनियाचं वेगळं प्रजासत्ताक झालं, आणि निकोलोवचा निकोलोव्स्की झाला. माणूस एक, घर एक, दारापुढचं झाड तेच. शेपूट बदलत गेलं ते कचेरीतल्या कारकुनाच्या हातून. मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत हजेरीपट भरले, त्यामुळे दप्तरातली ही खाडाखोड वाचताना माझ्या पोटात कालवतं. मुलाचं नाव पटावर चढवताना त्याच्या बापाला विचारतात. इथे बापालाच कोणी विचारलं नाही.

वेगळी मॅसेडोनियन ओळख 1944 नंतर कोणी प्रयोगशाळेत तयार केली, असं मात्र समजू नका. आपण ना सर्ब, ना ग्रीक, ना बल्गेरियन, हा विचार विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून काही लोक मांडत होते. 1944 नंतर त्याला सरकार मिळालं, 1945 मध्ये प्रमाण लिपी आणि लेखन ठरलं, शाळा आल्या, वर्तमानपत्रं आली. दोन-तीन पिढ्या त्याच भाषेत शिकल्या, प्रेमात पडल्या, रडल्या. तुमच्या मुलाचा मित्र त्यांच्यातलाच.

प्रश्न : सर, मी बारावीत आहे, इतिहासाचा प्रकल्प करते आहे. बल्गेरियात 1956 च्या जनगणनेत 1,87,789 मॅसेडोनियन होते, आणि 1965 मध्ये दहा हजारसुद्धा नाहीत. इतके लोक नऊ वर्षांत गेले कुठे?
— एक विद्यार्थिनी, नाशिकरोड

उत्तर : कुठेही गेले नाहीत, बाळा. तिथेच, पिरिनच्या डोंगरात, आपापल्या तंबाखूच्या शेतात होते. बदलली ती सत्तेतल्या कम्युनिस्ट पक्षाची इच्छा.

दुसऱ्या महायुद्धानंतर बल्गेरियाचे कम्युनिस्ट नेते गेऑर्गी दिमित्रोव आणि युगोस्लाव्हियाचे टिटो यांच्यात दोन्ही देशांचं एक संघराज्य करायचं बोलणं चाललं होतं. 1947 मध्ये ब्लेड इथे करारही झाला. त्या हिशेबात पिरिनचे लोक 'मॅसेडोनियन' असणं सोयीचं होतं. तशी नोंद करायला वरून जोर लावला गेला, स्कोप्येहून शिक्षक आणून पिरिनच्या शाळांत मॅसेडोनियन भाषा सुरू केली गेली. 1948 मध्ये टिटो आणि स्टालिन यांचं फाटलं, बल्गेरिया स्टालिनकडे राहिला, शिक्षक परत गेले. दप्तरातला आकडा मात्र 1956 पर्यंत टिकला. पुढे पक्षाने ठरवलं की पिरिनमध्ये मॅसेडोनियन असं कोणी नाहीच, आणि 1965 मध्ये आकडा कोसळला. 2021 च्या मोजणीत तो 1,143 आहे.

या 1,87,789 मध्ये मनापासून मॅसेडोनियन किती आणि सांगितलं म्हणून लिहिलेले किती, हे त्या आकड्यातून काढता येत नाही. 1965 च्या आकड्यालाही तेच लागू आहे. प्रकल्पात ही गोष्ट स्पष्ट लिही.

सीमेपलीकडेही असंच घडलं. युगोस्लाव्ह मॅसेडोनियात 'मॅसेडोनियन राष्ट्रीय सन्माना'च्या रक्षणाचा कायदा जानेवारी 1945 पासून लागू झाला, आणि बल्गेरियन ओळख सांगणाऱ्या अनेकांना त्याखाली शिक्षा झाल्या. लोकांच्या मनात बल्गेरियाविषयी राग होता, हे खरं आहे. 1943 च्या मार्चमध्ये बल्गेरियन प्रशासनाने व्यापलेल्या मॅसेडोनिया, थ्रेस आणि पिरोट भागातून 11,343 ज्यू लोकांना जर्मनांच्या हवाली केलं, आणि ते ट्रेब्लिंकाच्या छळछावणीत मारले गेले. खुद्द बल्गेरियातले ज्यू वाचले, तिथल्या खासदारांनी आणि चर्चने आवाज उठवला म्हणून. व्यापलेल्या भागातल्यांसाठी तो आवाज पुरला नाही. पण या पापाची शिक्षा बिटोलातल्या एखाद्या मास्तरला, तो स्वतःला बल्गेरियन म्हणतो म्हणून, देता येत नाही. सगळ्या युगोस्लाव्ह मॅसेडोनियात 1948 मध्ये स्वतःला बल्गेरियन लिहवणारे हजारसुद्धा नव्हते.

मी हे इतक्या पोटतिडकीने का लिहितो ते सांगतो. नोकरीत असताना मी जनगणनेचा प्रगणक होतो. 1991 ला माझ्याकडे सुरगाणा तालुक्यातले पाडे होते. एका घराच्या ओट्यावर बसून तक्ता भरत होतो. मातृभाषेचा रकाना आला. म्हातारबाबा म्हणाले, "आमची बोली, कोकणी." माझ्याबरोबर आलेला एक जण म्हणाला, "गुरुजी, मराठी टाका ना, पोरं मराठी शाळेत जातात." म्हातारबाबांनी शांतपणे सांगितलं की त्यांची बहीण आहव्याच्या बाजूला, डांगात दिली आहे. तिची पोरं गुजराती शाळेत शिकली. ओवी मात्र दोन्ही घरांत एकच म्हणतात. 1960 मध्ये डांग गुजरातेत गेला, सुरगाणा महाराष्ट्रात राहिला, आणि एका आईच्या दोन लेकरांची नातवंडं दोन लिप्यांत शिकली. डांगी बोली मराठीची की गुजरातीची, यावर त्या वेळी मोठमोठ्यांनी वाद घातले. म्हातारबाबांना त्या वादात कोणी बोलावलं नव्हतं.

मी 'कोकणी' लिहिलं. प्रगणकाला सूचनाच तशी असते : सांगणारा सांगेल ते लिहा, वाद घालू नका. जनगणनेच्या सगळ्या पुस्तिकेत ही ओळ मला सर्वांत मोलाची वाटते. तू मतदानाच्या वयाला आली आहेस. पुढची जनगणना 2027 ची आहे आणि तिच्यात जातही विचारली जाणार आहे. घरी प्रगणक आला की आपलं उत्तर आपणच द्यायचं.

प्रकल्पासाठी आणखी एक उदाहरण घे, अल्बानियाचं. तिथे पुस्तेत, गोलो ब्र्दो, गोरा अशा भागांत स्लाव्ह बोली बोलणारे लोक राहतात. 2011 च्या मोजणीत तिथे 5,512 मॅसेडोनियन नोंदले गेले. बल्गेरियन असा पर्याय तक्त्यावर नव्हता. 2017 च्या कायद्याने बल्गेरियनांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता मिळाली, आणि 2023 च्या मोजणीत बल्गेरियन सात हजारांवर गेले, मॅसेडोनियन अडीच हजारांच्या आत आले. कोणी म्हणेल बल्गेरियन पासपोर्टच्या आशेने, कोणी म्हणेल दबलेली ओळख वर आली. दोन्ही असणार. रकाना छापला गेला नव्हता तोवर मात्र यातलं काहीच कळायची सोय नव्हती.

सार्वजनिक वाचनालयात जुन्या नकाशांच्या पुस्तकातलं 1878 चं पान काढून बघ. रशिया-तुर्की युद्धानंतर सान स्टेफानोच्या तहात ठरलेला बल्गेरिया, मॅसेडोनिया धरून, किती मोठा होता आणि चारच महिन्यांत बर्लिनच्या तहाने तो किती कापला, हे शेजारी शेजारी ठेवलंस की निम्मा प्रकल्प तिथेच होईल. सान स्टेफानोचा 3 मार्च हा बल्गेरियाचा राष्ट्रीय दिन आहे, तोही उल्लेख कर.

प्रश्न : महोदय, आपण दोघांनाही बरोबर ठरवता हे पटत नाही. सत्य एकच असतं. 1944 पूर्वीचे पुरावे पाहता हे लोक बल्गेरियनच आहेत, आणि बल्गेरियाने उत्तर मॅसेडोनियाला युरोपीय संघात अडवलं ते योग्यच केलं, असं माझं मत आहे.
— एक निवृत्त अधिकारी, कॉलेज रोड

उत्तर : आपल्या पहिल्या मुद्द्यात वजन आहे, ते आधी मान्य करतो. स्ट्रुगा गावचे मिलादिनोव बंधू आज स्कोप्येत थोर मानले जातात. त्यांनी गोळा केलेल्या लोकगीतांचा संग्रह 1861 मध्ये झाग्रेबला छापला गेला, त्यातली बहुतेक गाणी मॅसेडोनियातली, आणि मुखपृष्ठावर स्वतः त्यांनीच लिहिलं 'बल्गेरियन लोकगीते'. क्रांतिकारक गोत्से देल्चेव बल्गेरियन एक्झार्केटच्या शाळांत शिक्षक होते. हे नाकारणारा इतिहास शिकवणं चूक आहे, आणि स्कोप्येच्या शाळांत ते बराच काळ झाकून ठेवलं गेलं.

पण देल्चेव ज्या मॅसेडोनियासाठी झगडत होते तो स्वायत्त मॅसेडोनिया होता. आपला मुलूख सोफियाने गिळावा असं त्यांना वाटत नव्हतं. 1903 च्या मे महिन्यात बानित्सा गावी तुर्की शिपायांशी लढताना ते पडले. त्यांच्या अस्थी पुढे सोफियाला नेल्या गेल्या, आणि 1946 मध्ये तिथून स्कोप्येला दिल्या गेल्या. आता त्या स्वेती स्पास चर्चच्या अंगणात आहेत. दरवर्षी दोन्ही देशांची माणसं तिथे फुलं घेऊन येतात, आणि तिथे पोलीस बंदोबस्त ठेवावा लागतो. देल्चेव कोणाचे, यासारखे इतिहासाचे वाद सोडवायला दोन्ही सरकारांनी इतिहासकारांची संयुक्त समिती नेमली, 2017 च्या मैत्री करारानुसार. समिती अडखळत चालली आहे, पण चालली आहे ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मी ठाम विरोधात आहे. पणजोबांच्या उत्तरावरून पणतूचं उत्तर ठरवायला निघालं, तर आपल्यापैकी कोणाची ओळख शाबूत राहील? बल्गेरियाने नोव्हेंबर 2020 मध्ये नकाराधिकार वापरला. 2022 मध्ये फ्रान्सच्या मध्यस्थीने तोडगा निघाला : उत्तर मॅसेडोनियाने राज्यघटनेत अल्बानियन, तुर्क, व्लाख, सर्ब, रोमा, बोस्नियाक यांच्या जोडीला बल्गेरियनांचंही नाव घालावं. त्यासाठी 120 च्या संसदेत 80 मतं लागतात. ती जमली नाहीत, आणि 2024 मध्ये सत्तेवर आलेल्या पक्षाचा सध्या तरी विरोध आहे.

माझं मत विचाराल तर ते नाव घटनेत यायलाच हवं. 3,504 लोकांनी, शेजारपाजारचे रागावतील हे माहीत असून, स्वतःला बल्गेरियन लिहवलं. 2022 मध्ये बिटोलातल्या बल्गेरियन सांस्कृतिक केंद्राला आग लावली गेली, त्या वातावरणात राहणारी ही माणसं आहेत. पण बल्गेरियातल्या 1,143 मॅसेडोनियनांचं काय? त्यांना बल्गेरिया अल्पसंख्याक म्हणून आजही मान्य करत नाही. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाचे दोन निकाल मी शेजारी शेजारी ठेवून वाचतो. 2001 मध्ये बल्गेरिया हरला, मॅसेडोनियन संघटनेच्या सभांवर बंदी घातली म्हणून. 2009 मध्ये मॅसेडोनिया हरला, ओह्रिडमधली बल्गेरियन बाजूची 'रादको' संघटना बंद केली म्हणून. दोन्ही निकाल युरोपीय मानवी हक्क कराराच्या त्याच अकराव्या कलमाखाली, सभा आणि संघटना यांच्या स्वातंत्र्याच्या. साहेब, आपल्याला एकच सत्य हवं असेल तर ते मला या दोन निकालांत दिसतं.

सर्बियाचा उल्लेख आपण केला नाहीत, मी थोडक्यात करतो. 1919 च्या नईच्या तहाने बोसिलेग्राद आणि त्सारिब्रोद (आजचं दिमित्रोवग्राद) बल्गेरियाकडून काढून पलीकडे दिले गेले. तिथले लोक बल्गेरियन असण्याबद्दल सर्बियाचाही वाद नाही. तरी गेल्या शतकाच्या मध्याला सुमारे साठ हजार असलेली संख्या 2022 मध्ये 12,918 वर आली. कारण तरुण पोरं सोफियाला नाही तर बेलग्रेडला निघून जातात. मान्यता असूनही गाव ओस पडतं, त्यावर इतिहासकारांच्या समितीपाशी काही इलाज नाही.

प्रश्न : गुरुजी, सुरगाण्याहून आपला जुना विद्यार्थी लिहितो. बल्गेरियन बोलणारे मुसलमान असतात असं वाचलं. ते स्वतःला काय म्हणवतात?
— एक शेतकरी, ता. सुरगाणा

उत्तर : तुझं पत्र पाहून फार बरं वाटलं. त्यांना पोमाक म्हणतात. रोडोपी डोंगरात सीमेच्या दोन्ही बाजूंना राहतात. बल्गेरियाच्या बाजूला 1972 ते 1974 या काळात सरकारने त्यांची मुसलमानी नावं सक्तीने बदलून स्लाव्ह नावं दिली; पुढे 1984-85 मध्ये तुर्कांवर तीच सक्ती झाली आणि 1989 च्या उन्हाळ्यात तीन लाखांवर लोक तुर्कस्तानात निघून गेले. 1990 नंतर जुनी नावं परत घेण्याची मुभा मिळाली. ग्रीसच्या बाजूला, झांथी शहराच्या उत्तरेच्या गावांत, 1923 च्या लोझानच्या तहामुळे ते 'मुस्लिम अल्पसंख्याक' म्हणून राहिले. घरात बल्गेरियनला अगदी जवळची बोली, शाळेत ग्रीक आणि तुर्की. त्यामुळे तिथे कोणी स्वतःला तुर्क म्हणवतं, कोणी पोमाक, कोणी नुसतं मुसलमान. बल्गेरियन म्हणवणारे थोडे.

आणि याच्या नेमकं उलट उदाहरण रोमानियात आहे. 1688 चा चिप्रोवत्सीचा उठाव तुर्कांनी मोडला, तेव्हा तिथले कॅथलिक बल्गेरियन पळून गेले आणि पुढे बनात भागात वसले. पंथ वेगळा, लिपी रोमन, बल्गेरियापासून शेकडो किलोमीटर दूर. तरी तीन शतकांनंतरही ते स्वतःला बल्गेरियन म्हणवतात, आणि रोमानियाच्या संसदेत अल्पसंख्याकांसाठी ठेवलेल्या जागांपैकी एकीवर त्यांचा प्रतिनिधी बसतो.